बायोडाटा नोकरीचा, सोयरिकीचा नव्हे

बोईसरची एक मुलगी परवा आमच्याकडे आली. डेंटल हायजिनिस्टचा दोन वर्षांचा कोर्स झालेला, पालघरच्या एका खाजगी दवाखान्यात अर्ज द्यायचा होता. बायोडाटा पाहिला, तर त्यात वडिलांची नोकरी, उंची, वर्ण, जात, भावंडे असे सगळे! कामाविषयी मात्र एकच ओळ.

आम्ही म्हटले, ‘‘बाळ, ही तर सोयरिकीची यादी झाली. कोरा कागद घे.’’

सर्वांत वर नाव, फोन आणि राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक. कायद्याने हायजिनिस्टची नोंदणी होते. डॉक्टर आधी तीच पाहणार. मग कोर्स, संस्था, वर्ष. त्याखाली हाताला येणारी कामे: दातांवरचे कीटण काढणे, पॉलिश, फ्लोराइड लावणे, ऑटोक्लेव्हमध्ये हत्यारे निर्जंतुक करणे, रुग्णाला ब्रश करायला शिकवणे. जे केले नाही ते लिहू नये.

‘‘मला वारली बोलता येते, ते लिहू?’’ तिने भीतभीत विचारले.

अगं, ते तर ठळक लिही! तारापूर एमआयडीसीतला कामगार हिंदीत दुखणे सांगेल, पाड्यावरची आजी वारलीत. मिश्री सोड म्हणायचे, तर तिच्याच बोलीत म्हटलेले पटते.

आणि जात? खाजगी दवाखान्याला ती कशाला हवी? सरकारी राखीव जागेसाठी दाखला मागतील, तिथे तो ताठ मानेने जोडावा. तो आपला हक्क आहे.

भगिनींनो, कोणाची कोण हे नंतर. शिकून हाती काय आले, ते कागदावर आधी येऊ द्या.