गाडी आपली, सुटे भाग त्यांचे

ऐंशी लाखांची गाडी घेतोस, मग दुरुस्तीच्या बिलावर कशाला कुरकुरतोस, हा सवाल आपल्याकडे सर्रास ऐकू येतो. विचारणाऱ्याचा वैतागही कळतो. खड्डे चुकवत स्कूटर हाकणाऱ्याला महागड्या गाडीवाल्याच्या दुखण्याचे सोयरसुतक कशाला असेल? तरीही हा सवाल चुकीचा आहे, आणि तो गाडी बनवणाऱ्यांच्या चांगलाच पथ्यावर पडतो.

आधी बॉडीशॉपमध्ये काय घडते ते पाहू. सिग्नलला मागून टेम्पो धडकतो, बंपर चेपतो. सर्व्हिस अॅडव्हायझर फोटो काढून एस्टिमेट बनवतो, विमा कंपनीचा सर्व्हेअर पाहून जातो, मंजुरी येते. मग बंपर उतरवतात आणि आत रडारचा ब्रॅकेट तुटलेला, वायरिंगचा सॉकेट तडकलेला निघतो. पुन्हा पुरवणी एस्टिमेट, पुन्हा सर्व्हेअरची वाट, पुन्हा मंजुरी. एवढे झाल्यावर कळते की तो ब्रॅकेट देशात शिल्लकच नाही, परदेशातून यायचा आहे. येईल तेव्हा येईल. तोवर बँकेचा हप्ता चुकत नाही, आणि गाडी कधी मिळणार या प्रश्नाला ‘पार्ट आला की कळवतो’ याखेरीज उत्तर नाही.

कंपन्यांचा पहिला बचाव तंत्रज्ञानाचा. अॅल्युमिनियमचे पत्रेकाम, रडार-कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन, एअरबॅगच्या मॉड्यूलचे कोडिंग हे कोपऱ्यावरच्या गॅरेजचे काम नव्हे, असे ते सांगतात. काम नाजूक आहे, हे शंभर टक्के मान्य. पण गाडी पडून राहते त्या काळातला हात चालण्याचा वेळ वेगळा काढा. तो थोडा भरतो; उरलेला सगळा काळ मंजुरीच्या आणि सुट्या भागाच्या प्रतीक्षेत जातो. या प्रतीक्षेत कसले आले तंत्रज्ञान? चाकणला, छत्रपती संभाजीनगरजवळ (पूर्वीचे औरंगाबाद) शेंद्र्याला, चेन्नईला अशा गाड्यांची जुळणी होते. नव्या गाडीसाठी लागणारा भाग तिथे वेळेवर पोहोचतो, कारण तो न आल्यास कंपनीचे नुकसान होते. दुरुस्तीचा भाग रखडला तर नुकसान मालकाचे. उशिराचे खरे कारण मला इथे दिसते.

दुसरा बचाव सुरक्षिततेचा. सुटे भाग आणि निदानाची उपकरणे खुल्या बाजारात दिली तर अर्धकच्चे मेकॅनिक गाड्या बिघडवतील, म्हणून सगळे अधिकृत केंद्रातच हवे. हा युक्तिवाद भारतीय स्पर्धा आयोगासमोर सविस्तर झाला आणि टिकला नाही. २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात आयोगाने १४ कार कंपन्यांना २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू द्या, असे बजावले. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही; बाहेरच्या सदोष कामाने जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असेही सांगितले. सुरक्षिततेची काळजी यात पुरेपूर घेतलेली आहे. कंपन्या अपिलात गेल्या, प्रकरण न्यायालयांत अडकले, आणि अधिकृत केंद्रात आजही ‘बाहेर हात लावलात तर वॉरंटी गेली’ हीच धमकी ऐकू येते.

‘विमा आहे ना, मग तुमच्या खिशाला काय?’ हा तिसरा बचाव. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक, रबर आणि एअरबॅगवर ५० टक्के घसारा कापला जातो, आणि आजच्या गाडीचा दर्शनी भाग बहुतेक प्लॅस्टिकचाच असतो. घसारा टाळणारे ‘झिरो डेप’ घेतले तर त्याचा हप्ता वेगळा. त्याहून वाईट गत जुन्या गाडीची. दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरतात. आठ-नऊ वर्षांची गाडी कुणा नोकरदाराने हौसेने सेकंडहँड घेतलेली असते. दोन हेडलॅम्प, एक बॉनेट, एअरबॅग आणि रंगकाम एवढ्यात अधिकृत एस्टिमेट ती मर्यादा ओलांडू शकते. रस्त्यावर धडधाकट धावू शकणारी गाडी अशा वेळी भंगाराच्या लिलावात जाते. शिवाय ज्यांच्या गाड्यांना ओरखडाही नाही, त्यांचे प्रीमियम या फुगलेल्या बिलांनीच वाढतात.

आता श्रीमंतांच्या रडगाण्याचा मुद्दा. आयोगाने दंड केलेल्या त्या १४ जणांत मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यू होत्या, तशाच मारुती, टाटा आणि महिंद्राही होत्या. महागड्या गाडीवर पचलेली कुलूपबंदी उद्या छोट्या गाडीवर येते, परवा ट्रॅक्टरवर. रडार आणि कॅमेरे आता मध्यम किमतीच्या गाड्यांतही बसू लागले आहेत. शिवाय हा प्रश्न महानगरांपुरताही नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादकरांनी एकगठ्ठा दीडशे मर्सिडीज घेतल्या, तेव्हा देशभर कौतुक झाले. विकायला कंपन्या जिल्ह्याच्या गावी उत्साहाने पोहोचतात. मोठा अपघात झाला की लातूर-रत्नागिरीच्या मालकाला मात्र गाडी टो करून पुणे-मुंबई गाठावी लागते. त्याच्या गावातल्याच एखाद्या जाणत्या मिस्त्रीला अस्सल भाग आणि स्कॅनर रीतसर विकत मिळाला, तर ही वरात कशाला निघेल?

म्हणून मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक सुट्या भागाची किंमत आणि उपलब्धता सर्वांना दिसेल अशी जाहीर करा. पहिल्या पाहणीआधीच गाडी पुरेशी उघडा, म्हणजे पुरवणी एस्टिमेटचे फेरे कमी होतील. विमा नियामकाने २०२४ मध्ये विमा कंपन्यांना मुदती घालून दिल्या: सर्व्हेअर नेमायला २४ तास, अहवालाला १५ दिवस, त्यानंतर निर्णयाला ७ दिवस. बॉडीशॉपला अशी एकही मुदत नाही. जॉब कार्डावर गाडी परत देण्याची तारीख लिहिलेली हवी आणि ती टळली तर पर्यायी गाडी किंवा दररोजची भरपाई मिळायला हवी. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही काढले आणि त्यात वाहनक्षेत्र घेतले. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्येच गाड्यांसाठी असा कायदा केला. आपल्यालाही नुसते पोर्टल पुरणार नाही, दंडाची तरतूद असलेला कायदा लागेल. आणि त्याची वाट न पाहता हालचाल करू शकतात त्या विमा कंपन्या. ही बिले शेवटी त्याच फेडतात. सरकारी मालकीच्या चार कंपन्यांनी जरी ठरवले की मुदतीत गाडी न देणाऱ्या वर्कशॉपशी कॅशलेस करार करायचा नाही, तरी परदेशातला ब्रॅकेट विमानाने येऊ लागेल.