वाय-फायच्या दारावर कुणाचा हुकूम चालतो?

प्रति,
केंद्रीय दूरसंचार विभाग,
नवी दिल्ली

महोदय,

२०२२ पर्यंत देशात एक कोटी सार्वजनिक वाय-फाय केंद्रे उभी राहतील, असे आपण २०१८ च्या राष्ट्रीय डिजिटल संचार धोरणात लिहून दिले होते. मुदत केव्हाच उलटली. देश त्या आकड्याच्या जवळपासही पोचला नाही, हे आपणास आमच्याहून चांगले ठाऊक आहे. जी केंद्रे उभी राहिली, त्यांच्या दारात माणसे का अडतात, हे तरी सांगाल?

आमच्या घोडेगावात कांद्याचा उपबाजार आहे. लिलावाच्या दिवशी शेकडो फोन एकाच वेळी नेटवर्क शोधतात. शेतकऱ्याला लासलगावचा भाव बघायचा असतो, विक्रीच्या पट्टीचे पैसे खात्यावर आले का ते बघायचे असते. वाय-फाय जोडले की लॉगिनचे पान येते, नंबर टाकला की ओटीपीची वाट बघायची. रेंज नाही म्हणून जो वाय-फायकडे आला, त्याच्याकडेच रेंजवर येणारा ओटीपी मागितला जातो. नियम करताना हे कुणाच्याच ध्यानात आले नाही?

ओळख पटवायला माझी हरकत नाही. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांची धमकी नवी मुंबईतल्या एका उघड्या वाय-फायवरून गेली आणि २००९ मध्ये आपण नियम कडक केले. ते रास्तच होते.

पण त्या लॉगिनच्या पानामागची यंत्रणा आपणास माहीत आहे. ओपनएनडीएससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये राउटरवर ‘एनडीएससीटीएल’ या कमांडची एक ओळ टाइप केली की जोडलेला प्रत्येक फोन दिसतो: त्याचा आयपी, मॅक पत्ता, आत घेतला की थोपवला, डेटा किती वापरला. ‘ऑथ’ लिहून पत्ता दिला की फोन आत, ‘डीऑथ’ लिहिले की बाहेर. मिनिटभराचेही काम नाही. त्यात राउटर ज्यावरून फोन ओळखतो तो मॅक पत्ता आजचे फोन बदलतात, म्हणून काल ओळख पटलेला फोन आज राउटरला परका ठरू शकतो. तेव्हा तक्रार कुणाकडे करायची? कमांड चालवणारा गावात नसतो आणि त्याचा नंबर कुठल्या पाटीवर नसतो. एखाद्याला बाहेर काढले तर का काढले, याचेही उत्तर मिळत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये सार्वजनिक वाय-फायच्या पीएम-वाणी योजनेला मंजुरी मिळाली, तेव्हा साधा दुकानदारही परवान्याशिवाय वाय-फाय देईल, असे सांगितले गेले. ज्याच्यावर इंटरनेट वाटण्याचा विश्वास टाकलात, त्याला समोरच्या माणसाचे ओळखपत्र बघून, वहीत नोंद करून, एक फोन आत घेण्याचा मर्यादित अधिकार का देत नाही?

प्रत्येक केंद्रावर जबाबदार माणसाचा नंबर लावा. प्रत्येक ‘डीऑथ’ची कारणासह नोंद ठेवा आणि ज्याचा फोन तोडला त्याला ती दाखवा. आमच्या नोंदी कुठे राहतात आणि कधी पुसल्या जातात, तेही त्याच पाटीवर लिहा. हे कधीपर्यंत कराल, ती तारीख आपण लेखी कळवावी.

आपला,
घोडेगाव, ता. नेवासा येथील एक नागरिक