कळ दाबणारे उंदीर

महिनाभर गोड बंद ठेवलेली बाई एखाद्या लग्नात जिलेबीवर तुटून पडली, की लगेच ऐकू येतं, 'हिच्यात निग्रहच नाही.' मैत्रिणींनो, या 'निग्रह' शब्दाचा मला मनापासून राग येतो. म्हणून आज चक्क उंदरांविषयी लिहितेय. नाकं मुरडू नका!

अमेरिकेतल्या जेफ्री ग्रिम या संशोधकाचे 2005 साली प्रसिद्ध झालेले प्रयोग बघा. पिंजऱ्यात एक कळ. ती दाबली की साखरपाणी मिळतं आणि त्याच वेळी दिवा लागतो, आवाज होतो. उंदीर हे शिकला की साखर बंद. नेहमीचं खाणं मात्र चालू. पुढे त्याला पुन्हा त्याच पिंजऱ्यात सोडतात. आता कळ दाबली तर नुसता दिवा नि आवाज, साखर नाहीच. आपल्याला वाटतं, जितके दिवस जातील तितकी ओढ कमी. झालं उलटंच! एका दिवसानंतर सोडलेल्या उंदरांपेक्षा महिन्यानं सोडलेल्यांनी कळ जास्त वेळा दाबली.

व्हरमाँट विद्यापीठातल्या मार्क बाऊटन यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. एका पिंजऱ्यात लागलेली सवय दुसऱ्या पिंजऱ्यात मोडली, तरी पहिल्या जागी परत आणलं की ती पुन्हा डोकं वर काढते. म्हणजे जुनं शिकणं पुसलं जात नाही, त्याच्यावर फक्त नवं शिकणं चढतं. जागा, वास, आवाज यांनी खालचं वर येतं.

माणूस म्हणजे उंदीर नव्हे, हे मलाही कळतं. आणि हो, मेंदूच्या अभ्यासात कितीतरी वर्षं उंदीरही बहुतेक नरच घेतले जायचे! माद्यांचं चार-पाच दिवसांचं चक्र असतं, त्यानं निष्कर्षांत गोंधळ होईल, ही सबब. नरांपेक्षा माद्यांमध्ये जास्त चढउतार नसतात, हे 2016 साली जुन्याच अभ्यासांच्या आकड्यांवरून दाखवलं गेलं. असो.

आपल्याकडे डाएट बाईनं करायचं, आणि सगळ्यांसाठी लाडू वळायचे, चकल्या तळायच्या त्याही तिनंच. त्याच ओट्यापाशी, त्याच वासात, दिवसातून दोनदा. पिंजरा तोच, दिवाही रोज लागतो. मग निग्रहाची परीक्षा तिची एकटीचीच कशी? मी तर हल्ली घरात मिठाई आणणाऱ्यालाच ती वरच्या फळीवर, झाकणाच्या डब्यात ठेवायला लावते. कुरकुर होते, होऊ दे.