जॉन न्यूटन : वादळ एका रात्रीचे, मौन चाळीस वर्षांचे

१/ ‘अमेझिंग ग्रेस’ या भक्तिगीताचा कर्ता, इंग्लिश पाद्री जॉन न्यूटन (१७२५–१८०७) याची कथा सहसा अशी सांगितली जाते : गुलामांचा व्यापारी, भर समुद्रात वादळ, ईश्वराची जाणीव आणि तत्क्षणी पापाचा त्याग. कथा मनोहर आहे. कालक्रम मात्र तिची साक्ष देत नाही.

२/ वादळ मार्च १७४८ चे. त्यानंतर, १७५० ते १७५४ या काळात, न्यूटनने गुलामवाहू जहाजांचा कप्तान म्हणून तीन सफरी केल्या. वर प्रार्थना चाले, खाली माणसे साखळदंडांत असत. उठावाचा संशय येताच कबुलीसाठी अंगठे आवळण्याचा चाप वापरल्याचे त्याच्याच नोंदवहीत आहे.

३/ १७५४ मध्ये समुद्र सुटला तो आजारपणामुळे. पुढे लिव्हरपूल बंदरात नोकरी, १७६४ मध्ये धर्मदीक्षा आणि ओल्नी गावची सेवा. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तात तो सांगतो की, त्या धंद्याच्या वैधतेविषयी आपल्याला तेव्हा तिळमात्र शंका नव्हती.

४/ ते भक्तिगीत ओल्नीतलेच, १७७३ च्या नववर्षदिनाचे. त्यात स्वतःच्या पापाची कबुली आहे. गुलामांचा उल्लेख नाही.

५/ १७८७ मध्ये लंडनमध्ये गुलामव्यापारविरोधी संघटना उभी राहिली. न्यूटनने १७८८ मध्ये पुस्तिका लिहून त्या व्यापाराचे क्रौर्य उघड केले आणि आपली कबुली फार उशिरा येत असल्याचेही मान्य केले. वादळाला तेव्हा चाळीस वर्षे झाली होती.

६/ माझे मत असे : न्यूटनला ढोंगी ठरवणे सोपे आहे, आणि संत ठरवणे त्याहून सोपे. त्याची श्रद्धा खरी होती. पण ज्या व्यवहाराला सारा समाज सभ्य मानत होता, त्यातील पाप तिला एकटीला दिसले नाही. ते दिसण्यासाठी चळवळ उभी राहावी लागली.

७/ म्हणून त्याच्या साक्षीचे मोल कमी होत नाही. जहाजाच्या तळात काय घडते हे स्वतः घडवलेला माणूस बोलत होता. त्याला खोटे ठरवणे व्यापाऱ्यांना अवघड होते. मार्च १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांचा व्यापार बेकायदा ठरवला. त्याच डिसेंबरात न्यूटन वारला.

८/ साक्षात्काराच्या कथेतून ही चाळीस वर्षे वगळली, की त्या काळात समुद्रापार नेलेली माणसेही वगळली जातात. इतिहासाच्या अभ्यासकाने ती वर्षे मोजलीच पाहिजेत.