घरातल्या घरात फाइल रखडते तेव्हा

बडोद्याच्या एका वाचक भगिनी लिहितात, "मुलीच्या लग्नाचे चित्रण आणि सासऱ्यांच्या भजनांचे ध्वनिमुद्रण, सगळे मिळून सुमारे २०० जीबी, जुन्या संगणकावरून नव्या लॅपटॉपवर घ्यायचे आहे. दोन्ही यंत्रे घरच्या वाय-फायवर आहेत. पडद्यावर १८ तास दाखवतो! इंटरनेटचा वेग वाढवून घेऊ का?"

मुळीच नको. घरातल्या दोन संगणकांमधली फाइल राउटरपर्यंत जाते आणि तिथूनच मागे फिरते. ती घराबाहेर पडतच नाही. जास्त पैसे भरून काही फरक पडायचा नाही.

१८ तास म्हणजे सेकंदाला जेमतेम ३ एमबी. दोन्ही यंत्रे वाय-फायवर असली की तीच फाइल हवेतून दोनदा प्रवास करते, एकदा राउटरकडे आणि मग लॅपटॉपकडे. त्यात मध्ये भिंती, शिवाय शेजाऱ्यांचे राउटर. तेव्हा दोन्ही यंत्रे केबलने राउटरला जोडावीत.

मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये, नेटवर्कखाली 'इथरनेट' उघडून लिंक स्पीड पाहा. १००० हवा. १०० दिसला, तर कुठेतरी पाणी मुरते आहे. (हा आकडा बिटमधला असतो, फाइल मोजतात बाइटमध्ये, म्हणून ८ ने भागायचे. १०० चे झाले साडेबारा, हाती येतात ११ एमबी.) म्हणजे पाच तास. १००० असेल तर तासाभरातही काम होऊ शकते.

१०० का दिसतो? एक तर राउटर स्वस्तातला, त्याची भोकेच तेवढ्या वेगाची. नाहीतर केबल. तिच्या पारदर्शक टोकातून डोकावून पाहा, आठ रंगीत तारा दिसायला हव्यात. केबल ओढणारे कित्येकदा चारच जोडून मोकळे होतात. १०० ला चार पुरतात, १००० ला आठही लागतात. नवी तयार केबल काही फार महाग नसते.

पण ताई, पत्राच्या शेवटी आपण सहज लिहिले आहे की, जुना संगणक अधूनमधून कटकट आवाज करतो आणि प्रत ठरावीक फाइलपाशीच अडते. मला चिंता वाटते ती याची. हा दोष वाय-फायचा नव्हे. आतली हार्ड डिस्क थकली असावी. न वाचता आलेला भाग ती पुन्हापुन्हा वाचू पाहते आणि वेळ जातो.

म्हणून केबल आणायलाही थांबू नका. आधी भजने घ्या. लग्नाचे चित्रण व्याह्यांकडे किंवा फोटोग्राफरकडे मिळेलही, भजने कुठे मिळणार? 'कट' नव्हे, 'कॉपी' करा. फाइल अडली तर ती सोडून पुढची घ्या. आवाज वाढला तर संगणक बंद करा आणि डिस्कवरची माहिती काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्या. घरी दुरुस्तीचे प्रयोग नकोत. आलेली भजने लॅपटॉपवर लावून शेवटपर्यंत ऐका आणि दुसरी एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा. लग्नाचे चित्रण त्यानंतर.