गल्लीचा बायोडेटा

कॅम्पस इंटरव्ह्यू जवळ आले की आपण सगळे बायोडेटा घासूनपुसून चकाचक करतो. पण ज्या गल्लीत आपण वाढलो, तिचा बायोडेटा कुणी लिहायचा?

मी भिंगारचा. हॉस्टेलवाले मित्र भिंगारला 'नगरचं उपनगर' म्हणतात. खरं तर अहमद निजामशहाने १४९४ मध्ये नगर वसवलं, त्याच्या आधीपासून भिंगार आहे! १८०३ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, पुढे छावणी आली आणि आम्ही 'भिंगार कॅम्प' झालो. १९४२ ते १९४५ या काळात नेहरू किल्ल्यात कैदेत होते, हे शाळेतलं पोरगंही सांगतं. पण त्याच वर्षांत आमच्या गल्लीत कोण राहत होतं आणि पोटासाठी काय करत होतं? विचारा कुणालाही. सगळे गप्प.

१८८४ च्या गॅझेटियरमध्ये भिंगारच्या विणकामाची नोंद आहे. साळी, कोष्टी, तेलंगणातून आलेले पद्मशाली अशा लोकांनी या भागात लुगडी विणली. छावणी म्हटलं की शिंपी, मोची, धोबी, भिस्ती, नालबंद आलेच. घोडे गेले, रणगाडे आले. नालबंदाचं काम संपलं. पण तो माणूस पुढे कुठे गेला, हे कुठल्या पुस्तकात आहे?

'आपण इंजिनिअर, आपल्याला काय त्याचं?' असं म्हणाल तर थांबा. हातमागाला खड्डा का असायचा? पावड्या पायांनी दाबायला आणि ओलाव्याने सूत तुटू नये म्हणून. गल्ली सरळ, लांब का लागायची? ताणा पसरून त्याला खळ लावायला, म्हणजे पांजणीला. गल्ली नुसता रस्ता नव्हती, शॉप फ्लोअर होती! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन मिशनचे चर्चिल नावाचे इंजिनिअर नगरमध्ये सुधारित हातमाग बनवत होते. आमच्या ओळखीच्या एका आजोबांना मी धोट्याबद्दल विचारलं, तर ते म्हणाले, "काय रे, एवढी मोठी फी भरता आणि हे शिकवत नाहीत?" यावर काय बोलणार!

मला गरिबीचं कौतुक करायचं नाही. दिवसभर खड्ड्यात पाय सोडून बसणं, घरातल्या बायकांनी कांड्या भरणं आणि त्या कामाचा वेगळा पैसा कधीच न मिळणं, यात गोड काही नव्हतं. पोरं शिकून बाहेर पडली ते चांगलंच झालं. पण काम संपलं म्हणून माणूसही पुसून टाकायचा का?

घाई एवढ्यासाठी की छावण्यांमधली नागरी वस्ती वेगळी करून शेजारच्या महापालिका-नगरपालिकांना जोडायचं केंद्राचं धोरण आहे. २०२३ मध्ये हिमाचलमधल्या योलपासून सुरुवातही झाली. अशा वेळी कागद हलतात. छावणीच्या जमीन रजिस्टरात सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, धारकाचं नाव मिळेल. भाडेकरू मागावर बसायचा की बूट शिवायचा, ते मिळणार नाही. ते फक्त म्हाताऱ्यांच्या डोक्यात आहे, आणि त्या डोक्याचा बॅकअप नाही. २०२४ मध्ये शहराचं नाव अहिल्यानगर झालं, तेव्हा कट्ट्याकट्ट्यावर चर्चा झाली. गल्लीतल्या माणसांच्या नावांवर अर्धा तास तरी बोलूया की!

माझं म्हणणं साधं आहे. चौघांच्या ग्रुपने एक गल्ली घ्यावी. सिव्हिलवाल्यांनी नकाशा काढावा, मेकॅनिकलवाल्यांनी माळ्यावर पडलेल्या अवजारांची मापं घेऊन ड्रॉइंग करावं, कॉम्प्युटरवाल्यांनी ते नीट साठवावं. घरोघरी चारच प्रश्न विचारायचे: कोण राहायचं, कुठून आलं, काय काम करायचं, ते काम का थांबलं? सांगणाऱ्याची परवानगी घ्यायची आणि लिहिलेलं त्याला वाचून दाखवायचं. सबमिशनसाठी आपण दरवर्षी कुणाची तरी फाईल उतरवतोच. एक फाईल अशी करूया, जी कुणाकडून उतरवताच येणार नाही!