चुकीचा खटला जिंकलेला वकील

दोस्तांनो, अमेरिकेतली गुलामगिरी कुणी संपवली, असं विचारलं की तुम्ही पटकन म्हणाल, अब्राहम लिंकन! बरोबर. पण त्याच काळात अमेरिकेच्या संसदेत एक वकील होते. लिंकनसुद्धा फार हळू चालतात, असं त्यांना वाटायचं. थॅडियस स्टीव्हन्स त्यांचं नाव. आज त्यांची ओळख करून घेऊ या.

थॅडियसचा जन्म १७९२ सालचा, व्हरमाँट राज्यातला. एक पाऊल जन्मापासून वाकडं. घरची गरिबी, त्यात वडील घर सोडून निघून गेले. पण आई मोठी खंबीर! राब राब राबून तिनं मुलाला शिकवलं. पोरगाही हुशार निघाला. वकील होऊन पेनसिल्व्हेनिया राज्यात, गेटिसबर्गला त्यानं बस्तान बसवलं.

आणि १८२१ मध्ये एक विचित्र खटला त्यांच्याकडे आला. पेनसिल्व्हेनियात कायदा असा, की बाहेरच्या मालकानं आपला गुलाम इथं आणून सहा महिने ठेवला, तर तो गुलाम स्वतंत्र होणार. शेजारच्या मेरीलँड राज्यातली चॅरिटी बटलर नावाची स्त्री म्हणत होती, "माझे सहा महिने भरलेत." ती मधूनमधून येऊनजाऊन राहिली होती, त्या सगळ्या दिवसांची बेरीज तिनं धरली होती. स्टीव्हन्स कुणाच्या बाजूनं उभे राहिले असतील? मालकाच्या! सहा महिने सलग हवेत, तुकडे जोडून चालणार नाहीत, असा मुद्दा त्यांनी मांडला. कोर्टानं तो मानला. वकील जिंकले आणि चॅरिटी गुलामच राहिली.

आता बघा हं, हेच स्टीव्हन्स पुढे गुलामगिरीचे कट्टर शत्रू झाले. पळून आलेल्या गुलामांची बाजू ते कोर्टात लढवू लागले. कायद्यातली फट शोधणारी तीच बुद्धी, पण आता बाजू बदलली होती.

ते राज्याच्या विधिमंडळात असतानाची गोष्ट. १८३४ मध्ये पेनसिल्व्हेनियात सर्व मुलांसाठी मोफत शाळांचा कायदा झाला. पण शाळा म्हटली की कर आलाच! लोक चिडले. १८३५ मध्ये कायदा रद्द करायची जोरदार तयारी झाली. वरिष्ठ सभागृहानं तसं ठरवलंही. तेव्हा स्टीव्हन्स खालच्या सभागृहात बोलायला उठले. गुन्हेगारांना शिक्षा करण्यासाठी तुम्ही मुकाट्यानं कर भरता, मग माणूस गुन्हेगार होऊ नये म्हणून भरायला का कुरकुरता, असा त्यांचा बिनतोड सवाल होता. भाषण इतकं प्रभावी झालं की मोफत शाळा वाचल्या!

पुढे ते देशाच्या संसदेत गेले. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं. लढाईसाठी पैसा उभा करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. १८६३ मध्ये दक्षिणेच्या सैन्यानं त्यांचा लोखंडाचा कारखानाच जाळून टाकला. पण ते डगमगले नाहीत. १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीनं गुलामगिरी संपली. तरी स्टीव्हन्स थांबेनात. नुसत्या बेड्या तोडून काय उपयोग? माणसाला हक्कही हवेत ना! चौदाव्या दुरुस्तीसाठी ते झटले. ती त्यांना हवी तेवढी कडक नव्हती, तरी हाती येतंय ते सोडायचं नाही, म्हणून त्यांनी तिला मत दिलं. जुलै १८६८ मध्ये ती लागू झाली. कृष्णवर्णीयांना नागरिकत्व मिळालं. पुढच्याच महिन्यात, ११ ऑगस्टला स्टीव्हन्स वारले.

लँकेस्टर गावी एका लहानशा दफनभूमीत त्यांचं थडगं आहे. एवढा मोठा नेता आणि एवढी साधी जागा? कारण थडग्यावरच कोरलंय. इतर दफनभूमींत वर्णाचे नियम होते, म्हणून त्यांनी ही जागा स्वतः निवडली. जन्मभर जे सांगितलं, ते मरणानंतरही पाळायचं होतं!

आणि बरं का, १८७३ मध्ये महात्मा जोतीराव फुल्यांनी आपलं 'गुलामगिरी' हे पुस्तक कुणाला अर्पण केलं, ठाऊक आहे? गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना! त्या लोकांत हे वाकड्या पायाचे वकीलही आलेच की.

चॅरिटीला मात्र त्याचा काही उपयोग झाला नाही, हेही विसरायचं नाही. आता तुम्ही सांगा, तिच्या बाजूचे वकील तुम्ही असता, तर त्या सहा महिन्यांचा हिशेब कोर्टाला कसा पटवून दिला असता?